डिस्क पुसली, आता विंडोज टाकताना ड्राइव्हच दिसत नाही (लॅपटॉप) + जुन्या डेस्कटॉपचं काय करावं?

अनेरकाठ
राम राम मंडळी. चोपडा तालुक्यातल्या सेवा केंद्रातली दोन मशिनं आहेत.

१) लॅपटॉप: ११व्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी). विंडोज ११ कोरं टाकायचं म्हणून उबंटूच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून जीपार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्रामने सगळी पार्टिशनं उडवली आहेत. आता विंडोजचा सेटअप सुरू होतो, पण डिस्क निवडायच्या पानावर यादी कोरी. बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतं. डेटाचा बॅकअप आहे.

२) डेस्कटॉप: ४थ्या पिढीचा आय३, एच८१ बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज ७. हा अजून पुसलेला नाही. त्यावर टॅली, डीएससी (डिजिटल सही) टोकन, बोटांच्या ठशांचं मशीन आणि कॅनन एलबीपी २९०० चालतं. फॉरमॅट मारायचा आहे. काय टाकावं आणि आधी काय काढून ठेवावं?

पांझरा
पहिल्याचं आधी. डिस्क मेलेली नाही, लपलेली आहे. ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत एनव्हीएमई थेट दिसत नाही, व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते. उबंटूच्या कर्नलमध्ये त्याचा ड्रायव्हर आधीपासून असतो, म्हणून जीपार्टेडला डिस्क दिसली. मायक्रोसॉफ्टच्या साध्या पेनड्राइव्हमध्ये तो सहसा नसतो. कारखान्यातून आलेल्या विंडोजमध्ये घातलेला होता, त्यामुळे आजवर प्रश्न आला नाही.

लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवर तुमचं अचूक मॉडेल टाका, स्टोरेज विभागातला इंटेल रॅपिड स्टोरेज म्हणजे आरएसटीचा ड्रायव्हर दुसऱ्या मशीनवर उतरवा, मोकळा करून त्याच पेनड्राइव्हवर एका फोल्डरात टाका. डिस्कच्या पानावर 'लोड ड्रायव्हर' दाबून तो फोल्डर दाखवा.

जिभाऊ_हार्डवेअर
एवढी उठाठेव कशाला? बायोसमध्ये जा, व्हीएमडी बंद करा, सेव्ह करा, डिस्क आपोआप दिसेल. एकच एनव्हीएमई असलेल्या लॅपटॉपला व्हीएमडीचा उपयोग शून्य. तो रेडवाल्यांसाठी, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणाऱ्यांसाठी.

पांझरा
जिभाऊ, बरोबर, पण दोन अडचणी. बऱ्याच लॅपटॉपांच्या बायोसमध्ये तो पर्याय दिसतच नाही. आणि जे ठरवायचं ते विंडोज टाकायच्या आधी ठरवा. व्हीएमडी चालू ठेवून विंडोज टाकलं आणि नंतर कुणी बायोस रीसेट करून तो बंद केला, की निळा पडदा आणि 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. उलट केलं तरी तेच. केंद्रावर चार जण मशीन हाताळतात, तेव्हा बायोसच्या डिफॉल्ट सेटिंगवरच राहिलेलं बरं, म्हणून मी ड्रायव्हरच्या बाजूचा.

अनेरकाठ
बायोसमध्ये व्हीएमडीचा पर्याय नाही. ड्रायव्हर उतरवला, पण ती एकच एक्झी फाइल आहे. लोड ड्रायव्हरमध्ये दाखवली तर 'साइन केलेले ड्रायव्हर सापडले नाहीत' असं येतं.

पांझरा
सेटअपला एक्झी चालत नाही, आतल्या आयएनएफ, एसवायएस आणि कॅट फायली लागतात. एक्झी ७-झिपने उघडून बघा. इंटेलच्या साइटवरची 'सेटअपआरएसटी' असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये त्या फाइलच्या नावापुढे जागा सोडून 'मायनस एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स' आणि फोल्डरचं नाव द्या, सगळं मोकळं होतं. त्यातला व्हीएमडी नावाचा फोल्डर घ्या.

लोड केल्यावर दोन-चार ओळींची यादी येईल, सगळ्यांची नावं जवळपास सारखीच. शेवटचे चार अंक वाचा: ११व्या पिढीसाठी ९ए०बी, १२व्यासाठी ४६७एफ. दुसरी ओळ निवडली तर ड्रायव्हर बसल्यासारखा वाटतो आणि यादी कोरीच राहते, मग माणूस म्हणतो डिस्क गेली.

अनेरकाठ
९ए०बी निवडलं. डिस्क ० दिसली, ४७६.९ जीबी, अनअलोकेटेड. सेटअपने आवृत्ती विचारलीच नाही, आपणहून होम सिंगल लँग्वेज घेतली. केंद्राला प्रो हवं होतं.

गिरणाकाठ
आपणहून घेतली हे चांगलंच लक्षण आहे. लॅपटॉपची लायसन्स की बायोसच्या चिपमध्ये कोरलेली असते, सेटअप ती वाचून तीच आवृत्ती टाकतो. इंटरनेट लागलं की ॲक्टिव्हेशन होऊन जाईल. या आवृत्तीवर तुमची सगळी कामं चालतात. प्रो हवंच असेल तर आधी हे ॲक्टिव्हेट होऊ द्या, मग सेटिंगमधून प्रोची विकत घेतलेली की घाला. बाजारात शे-दोनशे रुपयांत मिळणाऱ्या की नकोत. आज चालतात, चार महिन्यांनी बंद पडतात.

अनअलोकेटेड जागा निवडून सरळ नेक्स्ट दाबा, हाताने पार्टिशन पाडू नका. सेटअप स्वतः १०० एमबीचं ईएफआय, १६ एमबीचं एमएसआर, मग सी आणि रिकव्हरी असे तुकडे पाडतो. फायली उतरून मशीन पहिल्यांदा रीस्टार्ट झालं की पेनड्राइव्ह काढा. तो तसाच राहिला आणि बूट क्रमात वर असला की सेटअप पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि लोक म्हणतात इन्स्टॉल अडकलं.

अनेरकाठ
आता 'नेटवर्कला जोडा' या पानावर अडकलंय. वायफायची यादी रिकामी, पुढे जायचं बटण धूसर.

पांझरा
वायफायचाही ड्रायव्हर विंडोजला माहीत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे मोबाइल केबलने लॅपटॉपला जोडा आणि मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. अँड्रॉइडला बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, लॅपटॉप त्याला लॅन कार्ड समजतो. केबल डेटावाली हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलने टेदरिंगचा पर्यायच उमटत नाही. सातपुड्याकडच्या गावांत टॉवर अशक्त असतो, तिथे अपडेट उतरायला वेळ लागेल, तर मोबाइल खिडकीत ठेवा आणि लांब केबल घ्या.

लॅपटॉपवर विंडोजचा मुख्य पडदा उघडला की कंपनीच्या साइटवरून आधी चिपसेट, मग वायफाय, मग ग्राफिक्स. त्यानंतर विंडोज अपडेटमध्ये 'ऑप्शनल अपडेट्स'खाली ड्रायव्हर असतात, तेही बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एकही पिवळा त्रिकोण उरता कामा नये.

गिरणाकाठ
आणि एक गोष्ट आजच करा. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं की विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून कोऱ्या इन्स्टॉलवर डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. कुणाच्या खात्यात? ज्याने त्या दिवशी साइन इन केलं त्याच्या. तो ऑपरेटर नोकरी सोडून गेला आणि उद्या बायोस अपडेट झाल्यावर मशीनने की मागितली, तर सगळा डेटा कुलपात. केंद्राचं स्वतंत्र खातं ठेवा आणि की कागदावर लिहून फायलीला लावा.

टंकन_ताई
डेस्कटॉपबद्दल. भाऊ, तो अजून पुसलेला नाही ना? मग थांबा, कारण सेवा केंद्रांवर आणि टायपिंग इन्स्टिट्यूटांत फॉरमॅटनंतर जो गोंधळ होतो तो विंडोजचा नसतो, मराठीचा असतो.

फॉन्ट. जुने ठराव, दाखले, अर्जांचे नमुने श्रीलिपी किंवा आयएसएमच्या फॉन्टमध्ये असतात. ते युनिकोड नाहीत. फॉन्ट गेला की पानावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. म्हणून सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरातला फॉन्ट्सचा अख्खा फोल्डर कॉपी करून घ्या. आत कुठला लागेल ते निवडत बसू नका. ते सॉफ्टवेअर डोंगलवर चालत असेल तर डोंगल आणि सीडी दोन्ही हातात आहेत का बघा.

मंगल. लोकांना वाटतं मंगल विंडोजचाच, तो कुठे जातोय? विंडोज १० आणि ११ मध्ये तो मूळ संचात नाही, 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या वैकल्पिक घटकात आहे. इंग्रजी विंडोज कोरं टाकलं की तो नसतो. वर्ड फायलीत मंगलच्या जागी निर्मला लागतो, ओळी सरकतात, एका पानाचा दाखला दीड पानाचा होतो. सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की हा घटक इंटरनेटवरून उतरतो, नाहीतर ऑप्शनल फीचर्समधून हाताने घ्या.

कीबोर्ड. विंडोजमधला साधा 'मराठी' म्हणजे इनस्क्रिप्ट. इंग्रजी अक्षरांवरून टाइप करणाऱ्यांसाठी 'मराठी फोनेटिक' वेगळा जोडावा लागतो, तो विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून आहे. रेमिंग्टनवाल्यांना दोन्हींचा उपयोग नाही, त्यांचा लेआउट वेगळा टाकावा लागतो, त्याची इन्स्टॉल फाइलही बॅकअपमध्ये ठेवा.

बॅकअप झाला की तो दुसऱ्या मशीनवर उघडून पाच-सहा फायली वाचून बघा. कॉपी झाली आणि उघडते यात फार अंतर आहे. पडद्यावर (डेस्कटॉप फोल्डरात) आणि डाउनलोड्समध्ये साठलेलंच सगळ्यात मोलाचं असतं हेही लक्षात ठेवा.

गिरणाकाठ
ताईंच्या यादीत केंद्राच्या कामाची भर.

टॅली: कंपनी निवडायच्या पानावर डेटाचा पाथ दिसतो, तो फोल्डर पूर्ण उचला. टॅलीतूनच बॅकअपही काढा, दोन्ही ठेवा. मग लायसन्स सरेंडर करा. सिरियल नंबर आणि नोंदवलेला ईमेल लिहून ठेवा, त्या ईमेलचा पासवर्ड चालतोय का तेही आजच बघा. पुन्हा लायसन्स घेताना त्याची गरज पडते.

डीएससी: सही टोकनमध्ये असते, मशीनमध्ये नाही. पुसण्याने ती जात नाही. नव्या विंडोजवर फक्त टोकनचा ड्रायव्हर लागतो, ईपास असेल तर ईपासचा, प्रॉक्सकी असेल तर प्रॉक्सकीचा. टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इनिशियलाइज' असा पर्याय असतो. त्याला हात लावू नका, सही उडते आणि नवी काढावी लागते. पिन सतत चुकवला तरी टोकन लॉक होतं.

ठशांचं मशीन: आधी ड्रायव्हर, मग आरडी सर्व्हिस (ठसा सुरक्षितपणे पुढे देणारं सॉफ्टवेअर), त्या क्रमाने, आणि दोन्ही बसेपर्यंत मशीन यूएसबीला लावू नका. ते जुन्या सुरक्षा पातळीचं, एल० प्रकारातलं असेल तर ड्रायव्हरशी झटू नका, आधारच्या पडताळणीला आता एल१ लागतं. मशीनच्या मागच्या स्टिकरवर मॉडेल असतं.

कॅनन २९००: ६४-बिटचा ड्रायव्हर आधी उतरवून ठेवा. इन्स्टॉलर 'आता प्रिंटर जोडा' म्हणेल तेव्हाच केबल लावा. आधी लावली तर विंडोज त्याला अनोळखी डिव्हाइस म्हणून बसवतं आणि मग इन्स्टॉलर वाट बघत राहतो.

जिभाऊ_हार्डवेअर
सगळं बरोबर, पण माझं म्हणणं साधं शे भो: ती डिस्क पुसूच नका.

त्या मशीनला २५६ जीबीची २.५ इंची साटा एसएसडी घ्या. जुनी हार्ड डिस्क काढा, कोरी एसएसडी लावा, विंडोज तिच्यावर टाका. जुनी डिस्क महिनाभर कपाटात. काही राहिलं असेल तर यूएसबी-साटा केबलने जोडून काढता येतं. ताई आणि गिरणाकाठ यांच्या याद्या कितीही काटेकोर असल्या तरी काहीतरी राहतंच.

इतक्या वर्षांची हार्ड डिस्क तशीही संशयास्पद. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टरांच्या ओळी बघा. कच्च्या आकड्यांत शून्यापेक्षा जास्त काही असेल, विशेषतः सी५ला, तर त्यावर नवं विंडोज टाकणं म्हणजे वीज वाया घालवणं. बॅकअपसाठीही तिच्यावर फार ताण नको, महत्त्वाचं आधी उचला.

एच८१ वर साटाचे चार पोर्ट असतात, दोन ६ गिगाबिटचे आणि दोन ३ चे. बोर्डवर शेजारी नंबर छापलेला असतो, बऱ्याचदा रंगही वेगळा. एसएसडी ६ च्या पोर्टला. रॅमचे दोन स्लॉट, त्यात डीडीआर३ ची आणखी एक ४ जीबी लावा, ८ होऊ द्या.

डबा उघडलाच आहे तर सीआर२०३२ सेल बदला. सेल मेला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की साइटी 'सुरक्षित नाही' म्हणतात, ॲक्टिव्हेशन होत नाही, बायोसचं बूट सेटिंगही विसरतं. मग दोष विंडोजला. प्रोसेसरच्या पंख्याखालचा धुळीचा थर ब्रशने काढा, पेस्ट वाळून खडू झाली असेल तर नवी लावा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ ला टेकतो तेव्हा तो आय३ इन्स्टॉलच्या मध्येच तापून बंद पडतो. उन्हाळ्यात हे काम सकाळी करा. लाइट गेली तर विंडोजचा सेटअप पुन्हा पहिल्यापासून करता येतो, फार नुकसान नाही. पण बायोस अपडेट चालू असताना लाइट गेली तर बोर्डच जातं. तेवढं यूपीएसशिवाय नको.

अनेरकाठ
जिभाऊंचं पटलं. मग एसएसडीवर विंडोज ११ टाकू का? रुफस या पेनड्राइव्ह बनवायच्या प्रोग्रामने टीपीएम या सुरक्षा चिपची अट काढता येते असं ऐकलं.

पांझरा
काढता येते. ४थ्या पिढीवर ११ चालेलही. कोअर टू ड्युओवर मात्र २४एच२ सुरूच होत नाही, तिला लागणाऱ्या काही सूचना (इन्स्ट्रक्शन) त्या प्रोसेसरमध्येच नाहीत. पण ११ ची अधिकृत यादी इंटेलच्या ८व्या पिढीपासून सुरू होते, टीपीएम २.० लागतं. अट ओलांडून टाकलेल्या मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि वर्षाची मोठी आवृत्ती हातानेच चढवावी लागते. लोकांचे आधार नंबर ज्या मशीनवर टाइप होतात तिथे मी हे करणार नाही.

जिभाऊ_हार्डवेअर
मग १० वर? त्याचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मी म्हणतो लिनक्स मिंट टाका, फॉर्म भरायला ब्राउझर पुरे. आधार, डीएससी, टॅली सगळं लॅपटॉपवर न्या.

गिरणाकाठ
आणि २९००? मिंटवर त्याचा कॅप्ट ड्रायव्हर बसवणं म्हणजे अख्खा दिवस. प्रिंटरही लॅपटॉपलाच लावावा लागेल. तसं चालणार असेल तर जिभाऊंचा मार्ग उत्तम.

नसेल तर विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि ईएसयू, म्हणजे वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी. त्याने सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, नोंदणीला मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. तेवढ्यात ८व्या पिढीच्या पुढचा वापरलेला डेस्कटॉप शोधा. एसएसडी त्यात तशीच हलवता येते, पैसे वाया जात नाहीत. एक लक्षात घ्या, विंडोज ७ च्या स्टिकरवरच्या कीने १० ॲक्टिव्हेट व्हायचं ते मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये बंद केलं. लायसन्स घ्यावं लागेल.

अनेरकाठ
लॅपटॉपवर आधार-डीएससी-टॅली-प्रिंटर, डेस्कटॉपवर मिंट. ठरलं. एसएसडीवर टाकताना आणखी काय सांभाळू?

पांझरा
बूट मेन्यूत (गिगाबाइटला एफ१२, असूसच्या बोर्डाला एफ८, एमएसआयला एफ११) तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसेल, एकदा नुसता आणि एकदा नावाआधी 'यूईएफआय'. दुसरा निवडा. नुसत्या नावाने गेलात तर मिंट जुन्या पद्धतीने बसतं. विंडोजच्या बाबतीत 'यूईएफआय'ने गेलात पण डिस्कवरचा पार्टिशनचा तक्ता जुन्या एमबीआर पद्धतीचा असला, नव्या जीपीटीचा नसला, की 'या डिस्कवर एमबीआर तक्ता आहे, ईएफआय प्रणालीत फक्त जीपीटीवरच विंडोज टाकता येतं' असं उत्तर मिळतं.

तसं उत्तर कधी मिळालं तर सेटअपच्या पहिल्या पानावर शिफ्ट + एफ१०. काळ्या खिडकीत, अर्थातच इंग्रजीत, एकेक करून:

डिस्कपार्ट
लिस्ट डिस्क
सिलेक्ट डिस्क (तुमचा नंबर)
क्लीन
कन्व्हर्ट जीपीटी
एक्झिट

'लिस्ट डिस्क'नंतर थांबा आणि आकार वाचा. ५०० ची डिस्क ४६५ जीबी दिसते, २५६ ची २३८, १६ चा पेनड्राइव्ह १४ च्या आसपास. जीपीटीच्या रकान्यात तारा असेल तर ती आधीच जीपीटी आहे. 'क्लीन' खात्री विचारत नाही, एंटर दाबलं की तक्ता गेला. म्हणून इन्स्टॉलच्या वेळी दुसरी कुठलीही डिस्क बोर्डला जोडलेली नको, साटा केबल काढून ठेवा. दुसरं कारण म्हणजे दोन डिस्क असल्या की सेटअप कधीकधी बूटचं ईएफआय पार्टिशन जुन्या डिस्कवर टाकतो. पुढे ती काढली की नव्या एसएसडीवरचं विंडोज उठत नाही.

टंकन_ताई
चुकून क्लीन झालं तर परत येतं का? आमच्याकडे अमळनेरला हा प्रश्न दर आठवड्याला येतो.

पांझरा
हार्ड डिस्क असेल आणि नंतर काही लिहिलं नसेल तर बऱ्याचदा येतं. 'क्लीन' फक्त तक्ता पुसतं. दुसऱ्या मशीनला जोडून टेस्टडिस्कने हरवलेलं पार्टिशन शोधा, सापडलं नाही तर फोटोरेकने फायली काढा. त्यात नावं आणि फोल्डर येत नाहीत, नुसत्या क्रमांकाच्या फायली. काढलेल्या फायली त्याच डिस्कवर उतरवू नका. एसएसडीवर नव्याने फॉरमॅट झाला की ट्रिम या आदेशामुळे जुने ब्लॉक रिकामे होतात, तिथे आशा ठेवू नये. एन्क्रिप्ट केलेली असेल तर गिरणाकाठनी सांगितलेल्या ४८ अंकांशिवाय काहीच नाही.

अनेरकाठ
महिनाभराने जुनी हार्ड डिस्क विकायची झाली तर? त्यावर लोकांचे कागद आहेत.

जिभाऊ_हार्डवेअर
विकू नका म्हणेन, पण विकायचीच तर 'क्लीन' पुरेसं नाही. वरच्याच पायऱ्या, फक्त 'क्लीन'च्या जागी 'क्लीन ऑल'. ते प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितं. ५०० जीबीला दीड-दोन तास धरा, मधे टक्केवारी दिसत नाही, खिडकी बंद करू नका. सी५ वाढलेली डिस्क असेल तर हे मध्येच अडकतं. मग झाकणाचे स्क्रू काढा, त्यांना टी८ चा तारेसारखा स्क्रूड्रायव्हर लागतो, आणि आतल्या चकत्यांवर हातोडा. चष्मा घालून, काही मॉडेलांच्या चकत्या काचेच्या असतात. एसएसडी पुसायची तर 'क्लीन ऑल' नको, त्याने राखीव ब्लॉक पुसले जात नाहीत. बायोसमधलं सिक्युअर इरेज वापरा.